छोटी गाडी आणि मोठा मुलूख

रेल्वेचा इतिहास सांगायचा म्हटला, की आपण १६ एप्रिल १८५३ या तारखेपासून सुरुवात करतो. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. हा इतिहास खराच आहे, पण तो बंदराचा आणि शहराचा इतिहास आहे. खेड्यापाड्यात रेल्वे कधी आली, कोणी आणली, ती बंद का झाली आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, हा इतिहास वेगळा आहे. मी बार्शीकडचा माणूस. त्यामुळे आज मी बोलणार आहे ते बार्शी लाइट रेल्वेबद्दल.

जीआयपी रेल्वेचा रूळ पुण्याहून निघून १८६० साली सोलापूरला पोचला, तेव्हा त्याने बार्शीला बाजूला टाकलं होतं. बार्शी म्हणजे कापसाची आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ. ‘बार्शी तिथे सरशी’ असं आमच्याकडे उगाच म्हणत नाहीत. मराठवाड्यातला माल बालाघाटचे डोंगर उतरून इथे यायचा आणि इथून पुढे जायचा. पण सर्वांत जवळचं स्टेशन पस्तीस किलोमीटर लांब. त्या स्टेशनाला नाव दिलं ‘बार्शी रोड’. रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ या शब्दाचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. ‘रोड’ म्हणजे ‘गाव इथे नाही, पण गावाला जाणारा रस्ता इथून आहे; पुढचं तुमचं तुम्ही बघा.’ लातूर रोड हे नावही त्याच घराण्यातलं. बार्शी रोडला पुढे कुर्डुवाडी हे नाव मिळालं, पण तोवर बैलगाड्यांच्या कितीतरी पिढ्या त्या रस्त्याने झिजल्या.

हे अंतर ज्याच्या डोळ्यांत भरलं तो माणूस म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जीआयपी रेल्वेत नोकरीसाठी १८८२ साली हा तरुण इंग्रज इंजिनियर हिंदुस्थानात आला. मोठी रेल्वे प्रत्येक पेठेपर्यंत नेणं परवडणार नाही, मग छोटी का नेऊ नये, हा त्याचा प्रश्न होता. त्याने रुळांमधलं अंतर धरलं अडीच फूट. मोठ्या रेल्वेचं साडेपाच फूट असतं. पण खरी करामत अंतरात नव्हती, वजनाच्या वाटणीत होती. इंजिन असो की डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, असा त्याचा दंडक होता. भार सारखा वाटला की रूळ हलका चालतो, पूल हलका चालतो, भराव कमी लागतो आणि खर्च आवाक्यात येतो. आमच्याकडे बैलावर ओझं लादताना दोन्ही बाजू समान ठेवतात, त्यातलाच हा विचार.

१८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली. इंजिन आणि डबे इकडे पाठवण्याआधी इंग्लंडात लीड्सजवळ खास रूळ टाकून ते चालवून दाखवले गेले. जगभरच्या छोट्या रेल्वेंसाठी तो एक नमुनाच ठरला. १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली. १९०६ साली एक फाटा पंढरपूरला गेला. पूर्वेकडे वाढत वाढत १९११ साली गाडी लातूरला पोचली. १९२७ साली पंढरपूरपासून पुढे मिरजेपर्यंत रूळ पडले. सगळी मिळून २०२ मैलांची, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटरची रेल्वे झाली. ती चालवणारी कंपनी लंडनची, आणि तिच्यात बसणारे आमचे लोक: कापूसवाले, तूरवाले, वारकरी, पेशंट आणि लग्नाची वऱ्हाडं.

या रेल्वेने किती राज्यं ओलांडली, हेही बघण्यासारखं आहे. बार्शी, पांगरी हा इंग्रजी मुलूख. पांगरी सोडून येडशीकडे निघालं, की निजामाचं राज्य लागायचं. लातूर निजामाचं. पलीकडच्या टोकाला मिरज म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. एका तिकिटावर माणूस तीन सरकारांच्या हद्दीतून जायचा. पुढे १९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, १ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाइट सरकारने ताब्यात घेतली, १९६० साली महाराष्ट्र झाला. ज्या गावांना राजकीय नकाशाने १९५६पर्यंत एका राज्यात आणलं नव्हतं, ती गावं या अडीच फुटी रुळाने कितीतरी वर्षं आधीच एकमेकांना बांधून ठेवली होती.

माझे अब्बा पिंजारी होते. आषाढीच्या आधी पंढरपूरच्या धर्मशाळांतल्या गाद्या, उशा पिंजायचं मोठं काम निघायचं. ती लांबलचक पिंजण, म्हणजे तार लावलेलं ते धनुष्य, घेऊन अब्बा बार्शीहून छोट्या गाडीत बसायचे आणि कुर्डुवाडीला पंढरपूरची गाडी धरायचे. एसटीत पिंजण न्यायची म्हणजे कंडक्टरशी भांडण ठरलेलं. छोट्या गाडीत भांडण नाही. तिथे कोंबड्याही असायच्या, पाट्याही असायच्या, तशी पिंजण. एका वर्षी मी त्यांच्यासोबत होतो. डब्यात टाळकरी दाटीवाटीने बसलेले. एक म्हातारी वारकरीण अब्बांना म्हणाली, “पिंजारीदादा, तुमची तार वाजवा की जरा.” अब्बा म्हणाले, “माय, ही कापसाशिवाय बोलत नाही.” म्हातारीने आपल्या गाठोड्यातली फाटकी उशी काढली आणि कोपऱ्यातून बोटभर कापूस ओढून पुढे केला. अब्बांनी तारेला एकच टोला दिला आणि सगळा डबा हसला. त्या टोल्याचा आवाज आणि गाडीचा ठेका यांनी मला छंदाची पहिली ओळख करून दिली, असं मी म्हटलं तर ते कवीचं बोलणं समजून सोडून द्या. पण डबा हसला, हे खरं आहे.

या गाडीच्या मंदपणाचे विनोद पुष्कळ होते. चढावर माणूस खाली उतरायचा, रानातल्या ज्वारीची चार कणसं मोडायचा आणि मागच्या डब्यात परत चढायचा, असं सांगत. पण मंद गाडी गोरगरिबांची असते. ती प्रत्येक गावाला थांबते म्हणूनच मंद असते. मिरजेच्या वॉन्लेस हॉस्पिटलात न्यायचा पेशंट सांगोल्याच्या, ढालगावच्या, कवठेमहांकाळच्या भागातून याच गाडीने जायचा. मिरजेच्या उरुसाला जाणारे याच गाडीने जायचे. सतारी घडवणाऱ्यांचं गाव म्हणून मिरजेची ख्याती. पण आमच्याकडच्या लोकांना मिरज माहीत होतं ते ‘छोटी गाडी जिथे संपते ते गाव’ म्हणून. एके काळी मिरज जंक्शनवर मोठा, मीटर आणि छोटा असे तिन्ही मापांचे रूळ शेजारी शेजारी पाहायला मिळायचे.

आता दुसरी बाजू. मापं वेगळी असली की माल एका गाडीतून दुसरीत हातांनी हलवावा लागतो. कुर्डुवाडीला छोट्या डब्यातलं पोतं हमालाच्या पाठीवरून मोठ्या डब्यात जायचं. माझे एक मामू तिथे हमाली करायचे. त्यांच्या खांद्यावरचा घट्टा आम्ही मुलं हात लावून बघायचो. लातूरच्या तुरीला मुंबई गाठायची तर कुणाच्या तरी पाठीवरून जावंच लागायचं. वेळ जायचा, पोती फाटायची, माल कमी भरायचा. ट्रक आला आणि व्यापाऱ्याने विचार केला: दारातून दारात जातं ते वाहन बरं. छोटी गाडी आधी मालाला मुकली आणि मग सरकारच्या लेखी तोट्याची ठरली. मामूंचं कामही त्याबरोबर कमी होत गेलं. घट्टा तेवढा शेवटपर्यंत राहिला.

याच कॅलथ्रॉपने बार्शीच्या धर्तीवर इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे उभारली होती. ती १९०४ साली सुरू झाली. डोंगरदरीतली, देखणी, पिवळ्या डब्यांची. दुधाची वाहतूक हा तिचा आधार. तो आधार गेला आणि १९३४ साली ती बंद पडली. आज तिच्या वाटेवरून लोक फिरायला जातात, सायकली चालवतात. इंजिनियर तोच, माप तेच, हुशारी तीच. मग एक गाडी तीस वर्षांत संपली आणि दुसरी शंभरी ओलांडून नव्या रूपात परत का आली? माझं उत्तर साधं आहे. तिकडच्या गाडीला मोठी पेठ नव्हती आणि स्टेशनं गावांपासून लांब होती. आमच्या गाडीच्या एका टोकाला लातूरचा गंजगोलाई होता, मध्ये बार्शीची पेठ आणि पंढरपूरचा विठोबा, दुसऱ्या टोकाला मिरज. रूळ इंजिनियर टाकतो हे खरं, पण गाडीला जिवंत ठेवतात ती माणसं, ज्यांना खरोखर कुठेतरी जायचं असतं.

१९९२ साली देशभरातले वेगवेगळ्या मापांचे रूळ मोठ्या मापाचे करण्याची योजना रेल्वेने हाती घेतली. आमच्या गाडीची पाळी हळूहळू आली. कुर्डुवाडी-पंढरपूर हा टप्पा या शतकाच्या सुरुवातीला मोठा झाला. लातूर-उस्मानाबाद २००७ साली आणि उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८ साली. पंढरपूर-मिरज छोटी लाइन २००८च्या अखेरीस थांबली आणि दोनेक वर्षांनी मोठी गाडी धावू लागली. ज्याने रूळ उखडताना पाहिले त्यालाच त्या मधल्या काळाची किंमत ठाऊक. जुनी गाडी गेलेली, नवी आलेली नाही, आणि एसटीच्या फाट्यावर माणसं उभी. ‘गेली ती परत येते का रे?’ असं म्हातारी माणसं विचारायची, कारण या देशात ‘काम चालू आहे’ या पाटीखाली बऱ्याच गोष्टी कायमच्या गेल्या आहेत.

पण ही परत आली. आणि येताना तिने एक जुना अन्यायही दुरुस्त केला. उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, हे जिल्ह्याचं ठिकाण असूनही छोट्या गाडीने त्या शहराला कधी स्पर्श केला नव्हता. येडशीला उतरायचं आणि पुढची सोय बघायची. मोठी लाइन टाकताना मार्ग वळवून तो त्या शहरातून नेला. त्यासाठी तिथल्या लोकांनी मागण्या केल्या, आंदोलनं केली. उलट काही ठिकाणी जुनी वाट सुटली. लातुरात ‘जुनी रेल्वे लाइन’ हा आता पत्त्यात लिहायचा शब्द झाला आहे. तिथे रूळ नाहीत, आठवण आहे.

या पुनर्जन्माचा अर्थ सगळ्यांना एकदम कळला तो २०१६च्या एप्रिलमध्ये. मांजरा धरण कोरडं पडलेलं. लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात टाक्यांचे डबे वाफेने धुतले गेले, ते मिरजेला आले, तिथे त्यांत कृष्णाकाठचं पाणी भरलं गेलं आणि १२ एप्रिलला पहाटे पहिली गाडी लातूरला पोचली. दहा डबे, साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास डब्यांची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. पाऊस येईपर्यंत हे चाललं.

वर्तमानपत्रांनी त्या गाडीचे फोटो छापले, दूरदर्शनने दाखवले. पण ती गाडी कोणत्या वाटेने आली, हे फारसं कुणी सांगितलं नाही. मिरज, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. ही तर अख्खी बार्शी लाइट! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आता थोडा हिशेब करू. एका टाकीच्या डब्यात पन्नास हजार लिटर पाणी, म्हणजे नुसतं पाणीच पन्नास टन. कॅलथ्रॉपच्या मूळ दंडकाप्रमाणे चार आसांच्या डब्याचं वजन मालासकट वीस टनांच्या वर जाता कामा नये. म्हणजे एका मोठ्या डब्यातलं पाणी न्यायला तीन छोटे डबेही कमीच पडले असते. शिवाय कोट्याहून धुऊन आलेला डबा छोट्या रुळावर चढलाच नसता. रूळ मोठा झाला नसता, तर लातूरला ते पाणी मिळालंच नसतं. रेल्वे परत आणण्यावर झालेल्या खर्चाचा ताळेबंद मांडणाऱ्यांनी ही नोंद जमेच्या बाजूला ठेवावी.

आणखीही नोंदी आहेत. दुष्काळी सांगोल्याने डाळिंबं पिकवली आणि २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे त्याच सांगोल्याहून पश्चिम बंगालकडे निघाली. लातूरजवळ डबे बनवण्याचा कारखाना उभा राहिला आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तिथून पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. ज्या मुलखाला एके काळी डबा मिळत नव्हता, तिथे आता डबे घडतात. आणि माणसांचं गाडीवरचं प्रेम बघायचं असेल, तर २०१७ साल आठवा. लातूर-मुंबई गाडी बिदरपर्यंत वाढवली, तेव्हा लातूरकर आंदोलनाला उतरले. बिदरकरांनाही मुंबई हवी होती, त्यांचं चूक नव्हतं. पण गाडी आपल्या गावातून ‘निघते’ की आपल्या गावावरून ‘जाते’, यात फरक आहे. जागा मिळण्याचा तर आहेच, मनाचाही आहे.

इथवर ऐकून वाटेल, की गोष्ट सुखान्त झाली. तसं नाही. मोठी गाडी वेगाने जाते, आणि वेगासाठी पहिला बळी पडतो तो छोटा थांबा. लातूरचा विद्यार्थी पुण्याला गेला, व्यापारी मुंबईला गेला, बरं झालं. पण दोन स्टेशनांमधल्या खेड्यातली बाई, जिला दुधाची किटली किंवा भाजीची पाटी घेऊन पंधरा किलोमीटरवरच्या बाजाराला जायचं आहे, तिला मुंबई एक्स्प्रेसचा काय उपयोग? तिला पॅसेंजर हवी. २०२०च्या मार्चमध्ये करोनामुळे देशभरच्या गाड्या थांबल्या. त्यानंतर पॅसेंजर गाड्या हळूहळू परत आल्या त्या एक्स्प्रेस स्पेशलचं नाव लावून. डबे तेच, वेग तोच, पण दहा रुपयांचं किमान तिकीट तीस रुपयांचं झालं. २०२४च्या फेब्रुवारीत ते पुन्हा दहावर आलं. जवळजवळ चार वर्षं. वीस रुपयांचा फरक आपल्याला किरकोळ वाटतो. जिची पाटीच दीडशे रुपयांची आहे तिला विचारा.

म्हणून मी म्हणतो, रेल्वे परत आणणं म्हणजे नुसते रूळ परत आणणं नव्हे. रूळ, थांबा, वेळ आणि भाडं ही चार चाकं आहेत. सकाळी बाजाराला जायची वेळ आणि संध्याकाळी परतायची वेळ साधत नसेल, तर गाडी असून नसल्यासारखीच. जुन्या छोट्या गाडीत दोष हजार होते, पण ही चार चाकं बऱ्यापैकी जुळलेली होती.

आज महाराष्ट्रात ही गोष्ट वेगवेगळ्या टप्प्यांवर उभी आहे. बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी पहिली प्रवासी गाडी मिळाली. तो मार्ग १९९५ साली मंजूर झालेला. मधल्या तीस वर्षांत बीडची एक पिढी ऊसतोडीला ट्रकने जाऊन जाऊन म्हातारी झाली. विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही छोटी गाडी, लोक तिला लाडाने ‘शकुंतला’ म्हणतात, ती कापसासाठी परदेशी कंपनीने टाकलेली. आमच्या बार्शी लाइटची बहीणच. ती गेल्या दशकात बंद पडली. तिथले लोक मोठ्या रुळाची वाट बघत आहेत, निवेदनं देत आहेत. त्यांना भावनेची कथा सांगून कुणी गप्प बसवू नये. बार्शी लाइटची वाट दाखवावी, की ही छोटी गाडी होती, तोट्याची म्हणत होते, आणि तिच्याच वाटेवरून तहानलेल्या शहराला पाणी गेलं.

मात्र अचलपूरच्या आणि यवतमाळच्या मंडळींना माझं एक सांगणं आहे. रूळ मागताना थांबेही आत्ताच मागून घ्या. कोणत्या खेड्याला गाडी थांबणार, किती वाजता, किती पैशांत, हे कागदावर लिहून घ्या. लांब पल्ल्याच्या गाडीसाठी खासदार भांडतील, व्यापारी भांडतील. दोन मिनिटांच्या थांब्यासाठी भांडायला त्या खेड्यातल्या माणसांशिवाय कुणी येत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)